संदर्भसूची म्हणजे नुसतं सोवळंओवळं?

खानापूरकर
मराठीत प्रबंध लिहितोय. विषय: 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनानंतरची सीमाभागातली चळवळ. तिसरं प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आलं. मजकुरावर एक शेरा नाही, लाल पेन फिरलंय ते सूचीतल्या स्वल्पविरामांवर. वर 1946 च्या पुस्तकाचं प्रकाशनस्थळसुद्धा 'बेळगावी' करा म्हणे! बेळगावचं नाव बदललं 1 नोव्हेंबर 2014 ला. माझं मत स्पष्ट आहे, वाचकाला पुस्तक सापडलं की झालं. बाकी सगळं सोवळं.

टिळकवाडीची ग्रंथपाल
शीर्षकपृष्ठावर छापलंय तेच लिहायचं. 1884 च्या गॅझेटियरचं स्पेलिंग आज कोण बदलतंय? एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीत (2019) तर प्रकाशनस्थळच काढून टाकलंय, तुमचा सीमाप्रश्न तिथं मिटला. 🙂 पण 'सापडलं की झालं' हे काही पटलं नाही. 'पाटील 1987' असं किती ठिकाणी लिहिलंय? आपल्याकडं दगड भिरकावला तर पाटलालाच लागतो की ओ! आद्याक्षर नाही, पान नाही, तर वाचकानं कुठल्या पाटलाचं दार वाजवायचं?

खानापूरकर
पाटील चार निघाले. आद्याक्षरं घालतो. स्वल्पविरामांचं मत कायम.

निपाणी स्टँड
हातानं कशाला मरताय? झोटेरो घ्या, संदर्भसूची करून देणारं सॉफ्टवेअर, 2006 पासून फुकट आहे. शैली एका क्लिकमध्ये बदलते.

टिळकवाडीची ग्रंथपाल
क्लिक खरा, पण आत भराल तेच बाहेर येणार. मराठी सूचीत मध्येच 'एट अल' घुसतं, ते हातानं 'व इतर' करावं लागतं. कन्नड लेखकांचं तर वेगळंच. बऱ्याच जणांना आडनावच नसतं. पुढं गावाचं आणि वडिलांचं आद्याक्षर, मग स्वतःचं नाव. आडनावाचा रकाना भरायच्या नादात माणूसच बदलतो. नावाला एकच रकाना ठेवायची सोय झोटेरोत आहे, ती वापरा.

चिकोडीचे मास्तर
रकान्यांचं राहू द्या. आमची पोरं अवतरणंच गाळतात. जास्त दिली तर चोरी तपासणारं सॉफ्टवेअर साम्याचा टक्का वाढवून दाखवतं, मग प्रबंध अडकतो. प्रामाणिकपणाचीच शिक्षा झाली ही.

टिळकवाडीची ग्रंथपाल
मास्तर, यूजीसीचे 2018 चे नियम काढून बघा. रीतसर श्रेय दिलेलं अवतरण आणि संदर्भसूची मोजणीत धरायचीच नाही. उरलेलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. टक्का फुगतो तो श्रेय न देता उचललेल्यानं.

चिकोडीचे मास्तर
नियमात असेल. तपासणारा ते वगळायचं बटण दाबतो का, ते विचारा.

खानापूरकर
सगळ्यांच्या नादानं आज कपाट उपसलं. चाळीसेक पानांची झेरॉक्स सापडली, वर माझ्याच अक्षरात 'फार महत्त्वाचं'. दुसऱ्या प्रकरणातली तीन अवतरणं यातलीच. पुस्तकाचं नाव नाही, शीर्षकपृष्ठाची झेरॉक्स काढलीच नव्हती. कडेला अर्धा शिक्का आहे, '...चनालय' एवढंच वाचता येतं.

टिळकवाडीची ग्रंथपाल
फोटो टाका. शाई जांभळी आहे की निळी?