मदत हवी आहे: नट पडला, दार हलतंय, प्रयोग तोंडावर

विंगेतली:
आमचा हौशी ग्रुप विनोदी नाटक बसवतोय. काल तालमीत नोकराचं काम करणारा मुलगा लेव्हलवरून (स्टेजवरच्या उंच चौथऱ्यावरून) उतरताना पडला, पाय प्लास्टरमध्ये, आणि त्यात सेटचं दार आपटलं की अख्खी भिंत थरथरते, आमचे निम्मे हशे त्या दारावर आहेत! प्रयोग रद्द करायचा नाहीये, सगळ्यांनी नोकऱ्या सांभाळून 3 महिने रात्री तालमी केल्यात. प्लीज लवकर सांगा.

तिसरी_घंटा:
प्रयोग कधी आहे? नोकराचं काम केवढं? तेच लिहिलं नाहीस.

नेपथ्यनाना:
आधी दार बघा. चौकट फ्लॅटलाच, म्हणजे सेटच्या भिंतीलाच, ठोकलीय ना? मग हलणारच. चौकट स्वतंत्र उभी करा, दोन्ही अंगांना मागून तिरके टेकू, टेकूंच्या पायाशी वाळूच्या पिशव्या. फ्लॅटचे टेकू वेगळे. आणि दार विंगेकडे उघडू दे, नाहीतर येणारा नट दाराआड झाकला जातो.

हौशी_नट:
दार होईल हो, माणूस कुठून आणणार? त्या मुलालाच प्लास्टरसकट खुर्चीत बसवा. आम्ही केलं होतं, लोकांना वाटलं नाटकातच आहे.

तिसरी_घंटा:
नोकराला खुर्चीत? आणि परत पायाला लागलं तर? अजिबात नको.

विंगेतली:
9 दिवस आहेत. पहिल्या अंकात त्याच्या 11 एन्ट्र्या, सगळ्या त्याच दारातून, हातात ट्रे.

संहिताप्रेमी:
लेखकाची लेखी परवानगी घेतलीत का? बरेच ग्रुप तिथेच चुकतात.

विंगेतली:
आहे हो परवानगी, प्रश्न तो नाहीये.

तिसरी_घंटा:
प्रॉम्प्टिंग कोण करतं?

विंगेतली:
मीच. सगळ्यांचं सगळं पाठ आहे, पण मी स्टेजवर कधी उभी राहिले नाहीये.

तिसरी_घंटा:
अगं मग माणूस मिळाला की! शब्द आहेत, आता फक्त हालचाली बसवायच्या. त्या मुलाला रोज तालमीला समोर बसव, कुठल्या वाक्यावर आत यायचं, कुठे थांबायचं, सगळं त्याच्याकडून घे. तालीम ट्रे घेऊनच कर. आणि हशा आला की गप्प राहा, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाक, पूर्ण शांत व्हायची वाट बघितलीस तर लय जाते.

ध्वनीवाला:
कॉलर माइक आहेत का? ट्रे आपटला की कर्कश येतं.

हौशी_नट:
माइक कशाला, आवाज लावायला शिकवा.

ध्वनीवाला:
हॉल केवढा आहे ते माहीत नसताना कसं बोलता?

विंगेतली:
काल रात्री पहिला अंक उभा केला. 4 एन्ट्र्या चुकल्या, पण वाक्य एकही नाही. तो मुलगा पाय स्टुलावर ठेवून समोर बसला होता, म्हणाला ट्रे डाव्या हातात घे, दार उजव्याने ओढायचंय. चौकट आज वेगळी करतोय. नाना, वाळूच्या पिशव्या एका टेकूला किती?