शब्दचर्चा : ‘मॅच रेसिंग’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

बर्म्युडात होणाऱ्या ‘किंग एडवर्ड सातवे सुवर्णचषक’ या शिडाच्या नौकांच्या स्पर्धेच्या इतिहासावर मी एक लेख लिहीत आहे. ही स्पर्धा ‘मॅच रेसिंग’ या प्रकारात मोडते. पहिल्या खर्ड्यात मी ‘सामना शर्यत’ असे लिहिले होते, पण वाचताना तिथे अडखळायला होते. एका वृत्तपत्रात ‘जुळणी शर्यत’ असेही वाचले आणि त्यावरून तर काहीच बोध होईना. जाणकारांनी योग्य शब्द सुचवावा, ही विनंती.

उत्तर

‘जुळणी’ बाजूलाच ठेवावी, कारण तो शब्द छापखान्यातला आहे आणि शर्यतीशी त्याचा संबंध लागत नाही. ‘सामना’ चूक नाही, पण तो फार ढोबळ आहे. क्रिकेटचाही सामनाच असतो आणि कबड्डीचाही. इथे सांगायचे असते ते असे की, पाण्यावर दोनच नौका आहेत, दोन्ही एकाच वाऱ्यात एकाच मार्गावर धावत आहेत, आणि घड्याळात किती मिनिटे लागली याला काही किंमत नसून दुसरीच्या आधी शेवटची रेषा ओलांडली म्हणजे झाले. एरवीच्या शर्यतीत वीस-तीस नौकांचा ताफा एकदम सुटतो आणि तिथे आपला मार्ग आपण शोधायचा असतो. इथे मात्र प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे, त्याचा वारा तोडणे, त्याला नियमाच्या कचाट्यात पकडणे, हीच शर्यत असते.

या शब्दाच्या अर्थावरून नौकानयनाच्या इतिहासात खरोखरीचा वाद झालेला आहे आणि तो आपल्या प्रश्नाला उपयोगी पडेल. 1870 साली जेम्स अॅशबरी हा इंग्रज गृहस्थ ‘अमेरिकाज कप’ हा नौकाशर्यतींचा प्रसिद्ध चषक जिंकण्यासाठी ‘कॅम्ब्रिया’ ही नौका घेऊन न्यूयॉर्कला गेला, तेव्हा तिथल्या यॉट क्लबने त्याच्या एका नौकेसमोर आपला सगळा ताफा उभा केला आणि तो हरला. पुढच्या आव्हानाच्या वेळी त्याने चषकाच्या दानपत्रातल्या, म्हणजे चषक देताना घातलेल्या अटींच्या कागदातल्या, ‘मॅच’ या शब्दावर बोट ठेवले आणि एकाविरुद्ध अनेक ही ‘मॅच’ होऊच शकत नाही, असा आग्रह धरला. चषक देणाऱ्यांपैकी जॉर्ज स्कायलर यांचे मत घेतले गेले, तेव्हा त्यांनी आपल्याच क्लबच्या विरुद्ध कौल दिला : एका पक्षाने दुसऱ्या पक्षाशी समान अटींवर झुंजणे, हा या शब्दाचा अर्थ होय. क्लबने 1871 साली एकास एक नौका मान्य केली, पण चार नौकांमधून कोणती उतरवायची ते त्या दिवशी सकाळी ठरवण्याचा हक्क राखून ठेवला, आणि आधीपासून ठरलेल्या एकाच नौकेनिशी बचाव करायला 1876 उजाडावे लागले.

स्कायलर यांच्या अर्थात दोन गोष्टी आहेत, ‘एकास एक’ आणि ‘समान अटी’. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थही सोबती, बरोबरीचा असाच आहे. या दोन्ही गोष्टी एका शब्दात पेलणारा आपला शब्द ‘जोड’ आहे, असे मला वाटते. जत्रेतल्या कुस्त्यांच्या आधी पंच आणि वस्ताद मंडळी मल्लांची अंगकाठी, वजन आणि तयारी पाहून ‘जोड लावतात’. ज्याला बरोबरीचा कोणी मिळत नाही तो ‘बेजोड’ ठरतो. म्हणून ‘जोडशर्यत’ हा शब्द मी सुचवतो, आणि ताफ्याच्या शर्यतीला ‘ताफाशर्यत’ म्हणावे.

आपल्या लेखाच्या विषयालाही हा शब्द बसतो. सातव्या एडवर्डने हा चषक 1907 साली दिला तो व्हर्जिनियातील जेम्सटाउनच्या वसाहतीला तीनशे वर्षे झाली त्या उत्सवातल्या शर्यतींसाठी. अमेरिकन नौकानयनपटू शर्मन हॉइट यांनी तो जिंकला, तीस वर्षे आपल्याजवळ ठेवला आणि 1937 साली रॉयल बर्म्युडा यॉट क्लबच्या स्वाधीन केला, तो एकास एक शर्यतींसाठी वापरावा या इच्छेने. त्या वर्षी ‘सहा मीटर’ वर्गातल्या नौका उतरल्या आणि ब्रिग्ज कनिंगहॅम विजयी झाले. पुढे 1958 साली अमेरिकाज कप राखणाऱ्या ‘कोलंबिया’चे सुकाणू त्यांच्याच हाती होते. (‘सहा मीटर’ ही नौकेची लांबी नव्हे, हे लेखात अवश्य स्पष्ट करावे. लांबी, शिडाचे क्षेत्रफळ इत्यादी मापे एका सूत्रात घालून येणारा तो आकडा आहे आणि प्रत्यक्षात या नौका दहा मीटरांहूनही लांब असतात.)

सूत्रात बसणाऱ्या दोन नौका तंतोतंत सारख्या मात्र नसतात. रचनाकाराचे कसब आणि मालकाचा पैसा त्यांच्यात फरक पाडतोच. पुढे ही स्पर्धा ‘इंटरनॅशनल वन डिझाइन’ या वर्गाच्या, म्हणजे एकाच साच्यातल्या नौकांवर होऊ लागली, तेव्हा ती उणीव भरून निघाली. त्या नौकेचा जन्मही बर्म्युडाशीच जोडलेला आहे. कॉर्नेलियस शील्ड्स या अमेरिकन नौकानयनपटूने बर्म्युडात नॉर्वेच्या ब्यार्ने आस यांनी रेखलेली एक ‘सहा मीटर’ नौका पाहिली, ती त्यांच्या मनात भरली, आणि तिच्याहून किंचित लहान अशी नौका त्यांनी आस यांच्याकडून 1936 साली तयार करवून घेतली. सुमारे 33 फूट लांब आणि तीन टनांहून थोडी जड असलेली ही नौका वेग घ्यायलाही वेळ लावते आणि वेग सोडायलाही, त्यामुळे सुकाणू धरणाऱ्याला प्रत्येक हालचाल आधी ताडावी लागते. नौका आयोजकच पुरवतात, म्हणून हरणाऱ्याला नौकेला दोष देता येत नाही. न्यूझीलंडचे रसेल कुट्स यांनी हा चषक सात वेळा जिंकला, तो अशा बरोबरीच्या नौकांवर.

आक्षेप

विवेचन पटले, पण शब्दाबद्दल शंका आहे. ‘जोडशर्यत’ म्हटले की आमच्या विदर्भात शंकरपटातली बैलजोडी डोळ्यांसमोर येईल, किंवा दोघांनी मिळून एका बाजूने धावायचे आहे असे वाटेल. त्यापेक्षा ‘द्वंद्वशर्यत’ का नको? द्वंद्वयुद्ध सर्वांना ठाऊक आहे, समजावून सांगावे लागणार नाही.

उत्तर

आपला आक्षेप खरा आहे आणि ‘जोडीची शर्यत’ असे लिहिले तर तो घोटाळा नक्की होईल. समासात तो कमी होतो, पुरता जात नाही. तरीही ‘द्वंद्व’ फक्त दोघे लढत आहेत एवढेच सांगते. भीम आणि बकासुर यांचेही द्वंद्वच होते, आणि त्यात समान अटी कोणी घातल्या नव्हत्या. 1937 नंतर या स्पर्धेत जे घडत गेले ते नौकांमधला फरक पुसण्याचे काम होते, आणि ते ‘द्वंद्व’ या शब्दाच्या कक्षेत येत नाही. लेखात पहिल्यांदा ‘जोडशर्यत, म्हणजे एकाच साच्याच्या दोन नौकांची एकास एक शर्यत’ असे लिहिले की पुढे नुसता शब्द पुरेल.

कुस्तीच्या आखाड्यातला आणखी एक शब्द इथे कामी येईल. सुरुवातीच्या इशाऱ्याच्या चार मिनिटे आधी दोन्ही नौका आरंभरेषेच्या दोन विरुद्ध टोकांकडून आत येतात, एकीवर निळे निशाण आणि दुसरीवर पिवळे. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या नौकेला वाटेचा हक्क असतो, त्यामुळे डाव्या अंगाने वारा घेत येणाऱ्या निळ्या निशाणाच्या नौकेला निसटावे लागते, आणि दुसरी तिच्यावर चाल करून येते. पुष्कळदा दोघीही नाळ, म्हणजे पुढचे टोक, थेट वाऱ्याकडे करून शेजारी शेजारी थबकतात. शिडे फडफडत राहतात, नौका हळूहळू मागे सरकू लागतात, दोन्ही तांडेलांचा एक डोळा घड्याळावर आणि एक शेजारच्या सुकाणूवर असतो, आणि जो आधी कंटाळून वळतो तो बहुधा अडचणीत सापडतो. या सगळ्याला ‘आरंभपूर्व डावपेच’ असे लिहिण्यापेक्षा ‘खडाखडी’ म्हणावे. सलामीनंतर पकड मिळेपर्यंत मल्ल एकमेकांचे हात झटकत जे जोखत असतात, तेच इथे दोन नौका करतात.

विचारणा

कृतज्ञ आहे. खडाखडी तर घेतलीच. एक शेवटचे : अशा शर्यतींचे निर्णय देणाऱ्यांना ‘परीक्षक’ म्हणावे की ‘पंच’?

उत्तर

‘पंच’. ते दोन्ही नौकांच्या मागोमाग आपल्या वेगळ्या नौकेतून फिरतात आणि दोषी नौकेच्या रंगाचे निशाण वर करून तिथल्या तिथे निकाल देतात. हिरवे-पांढरे निशाण म्हणजे कोणालाच दंड नाही. दंड झालेल्या नौकेला शर्यत संपण्याआधी एक जादा वळसा घ्यावा लागतो. पूर्वी तक्रारी शर्यत संपल्यावर बंद खोलीत ऐकल्या जात, तेव्हा ‘परीक्षक’ शोभला असता. पंचांना पाण्यावर आणण्यात कॅलिफोर्नियातील लाँग बीचच्या ‘काँग्रेशनल कप’ या 1965 पासूनच्या वार्षिक स्पर्धेने पुढाकार घेतला होता, तिचाही उल्लेख लेखात करावा. तिच्या विजेत्याला किरमिजी कोट देतात. आणि जमल्यास 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत फारोख तारापोर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय चमूने याच प्रकारात मिळवलेले कांस्यपदकही घ्यावे.

विचारणा

घेतो. दुरुस्त केलेले पहिले वाक्य असे झाले आहे : ‘1937 साली शर्मन हॉइट यांनी तीस वर्षे जपलेला सुवर्णचषक जोडशर्यतींसाठी, म्हणजे बरोबरीच्या दोन नौकांच्या एकास एक शर्यतींसाठी, बर्म्युडाच्या क्लबकडे सोपवला.’ त्या वर्षीच्या नौका अजून एका साच्याच्या नव्हत्या, म्हणून ‘बरोबरीच्या’ एवढेच ठेवले आहे.