बदल केलेला जुना कॉकटेल ड्रम किट विकायचाय, बेळगावातून किंमत आणि गिऱ्हाईक?

टिळकवाडी_ताल

नमस्कार मंडळी. उभ्यानं वाजवायचा कॉकटेल किट विकायला काढलाय. मोठा ड्रम १६ इंच व्यासाचा, २४ इंच खोल. मुळात तो १६ × १६ चा फ्लोअर टॉम (पायांवर उभा राहणारा ड्रम), त्याला दुसऱ्या टॉमचा ८ इंचाचा तुकडा खालून जोडलाय. सांध्यावर आतून ३ इंच रुंद प्लायची कडी आहे. वरच्या हेडखाली (हेड म्हणजे ताणून बसवलेला पडदा) स्नेअरच्या तारा, त्या लावायला-सोडायला बाहेर खटका. खाली उलटं पेडल, म्हणजे बीटर (पेडलची मोगरी) खालून वर मारतो. तिन्ही पाय उद्यमबागेत लेथवर करून घेतलेले. आर्मवर १० इंची स्नेअर (तारांचा छोटा ड्रम), शिवाय सिंबल म्हणजे झांजा: १० ची स्प्लॅश आणि १४ ची क्रॅश.

सगळा मिळून खर्च ६२ हजार झालाय, ४५ मागावे म्हणतोय. एक दोष आहे: पेडल मारलं की वरच्या तारा खरखरतात. आधीच सांगावं काय? आणि अखंड विकू की सुटा?

खानापूर_रिमशॉट

४५ कुणी देणार नाही ओ. बदल करायला घातलेला पैसा गिऱ्हाईकाच्या हिशोबात धरलाच जात नाही, उलट त्यापायी किंमत कापली जाते. साधा १६ चा फ्लोअर टॉम कुणाच्याही किटात बसतो. तुमचा शेल (ड्रमचं लाकडी नळकांडं) जोडलेला, तो परत फ्लोअर टॉम होणार नाही. म्हणजे उभ्यानं वाजवणाराच गिऱ्हाईक पाहिजे, आणि तसे मोजकेच. मोठा ड्रम, स्नेअर, पेडल, पाय आणि आर्म असा संच २८ ला मांडा, २४-२५ ला सोडा. जुन्या टॉमचे मूळ पाय, ब्रॅकेट घरात पडले असतील तर तेही द्या. गिऱ्हाईकाला सुटे भाग मिळाल्यासारखं होतं.

फोटो काढण्याआधी सांधा तपासा. दोन्ही हेड काढा, खोलीत अंधार करा, शेलच्या आत बल्ब धरा आणि बाहेरून सांध्याभोवती फिरा. कुठं उजेडाची रेघ दिसली तर तिथला गोंद सुटलाय. मग बोटाच्या पेरानं कडीवर टकटक करत जा; एके ठिकाणी आवाज एकदम पोकळ आला तर तिथं प्लाय उठलाय. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होतंच, लाकूड फुगतं-आवळतं आणि आधी गोंदच हार मानतो. फटीत लाकडाचा पातळ गोंद सोडून पट्ट्यानं आवळून एक दिवस ठेवा. वरून पुट्टी मारून झाकू नका, जाणकार नखानं खरवडून बघतो.

बेअरिंग एज, म्हणजे शेलची हेड टेकतं ती कड, बघायला तोच बल्ब. शेल जाड काचेवर किंवा ओट्याच्या सपाट ग्रॅनाइटवर पालथा घाला. कडेखालून उजेड आला तर कड उंचसखल आहे, तिथं हेड कधीच नीट सुरात येत नाही.

निपाणी_बॅकबीट

रिमशॉट म्हणतात ते बरोबर, सिंबल मात्र सुटेच विका. ते कुठल्याही किटाला चालतात, आठवड्यात जातील. संचात घातले तर फुकट गेल्यात जमा.

खरखर आधीच सांगा, पण कारणासकट. एकाच शेलात वर-खाली दोन हेड, मधली हवा एकच. बीटरनं खालचं हेड दाबलं की तीच हवा वरचं हेड ढकलते आणि तारा थरथरतात. बऱ्याच कॉकटेल ड्रमचं हे जुनं दुखणं आहे, तुमच्या सुताराची चूक नव्हे.

बिनखर्चाचा उपाय आधी करा: खालचं हेड ढिलं करून वरच्यापेक्षा सुरात बरंच खाली उतरवा. दोन्ही एका सुराच्या आसपास असली की खरखर वाढते. तेवढ्यानं भागलं नाही तर ६ मिमी प्लायची चकती कापा, मध्ये ४ इंचाचं भोक, कडेला दाराची फोमपट्टी. तुमच्या आतल्या कडीच्या वरच्या काठावर ती आयती बसेल. भोक न ठेवता पूर्ण बंद केलं तर तारा गप्प होतील, पण बासही पातळ होईल आणि खालच्या कप्प्याला हवेचं वेगळं भोक पाडावं लागेल. विकायच्या वस्तूला आता नवीन भोक कशाला?

गिऱ्हाईक बेळगावात शोधत बसू नका. बेंजो पार्टीला आणि मंडळाला दणका पाहिजे, हा ड्रम तिथं ऐकू पण येणार नाही. गोव्यातल्या हॉटेलात वाजवणाऱ्यांना जागा कमी असते, वाजवणाऱ्यासकट एवढ्याशा कोपऱ्यात मावणारा किट त्यांना हवाच असतो. तिकडचा सीझन ऑक्टोबरपासून, जाहिरात सप्टेंबरात टाका. बेळगाव कॅम्पातल्या चर्चच्या क्वायरवाल्यांनाही (गाणाऱ्यांच्या गटाला) विचारून ठेवा. हुबळी-धारवाडच्या ग्रुपवर टाकताना दोन ओळी कन्नडमध्ये लिहा, फोन जास्त येतात.

टिळकवाडी_ताल

चकती करून बघतो. व्हिडिओत काय काय दाखवू?

खानापूर_रिमशॉट

खालची बाजू. सगळे वरून फोटो टाकतात, गिऱ्हाईकाला बघायचं असतं पेडल. कॅमेरा जमिनीवर ठेवा आणि बीटर हेडला लागताना दाखवा. तारा एकदा चालू, एकदा खटका पाडून, असं दोन्ही वाजवा. सोबत मापं लिहा: शेल ६१ सेंमी, खाली मोकळी जागा किती, एकूण उंची किती. साधारण २९ सेंमी जागा आणि ९० सेंमी उंची ठीक. पायांवर रंगाची खूण करा, नाहीतर नवा माणूस पाय खालीवर करतो, बीटर पोचत नाही आणि "पेडल खराब" म्हणून तुम्हाला फोन. तीन पाय असल्यामुळं स्नेअरचा आर्म नेमका एका पायावर यायला पाहिजे. दोन पायांच्या मध्ये आला तर जोरात वाजवताना ड्रम कलंडतो. हेही जाहिरातीत लिहा.

चोर्ला_पार्सल

पाठवायचं असेल तर चकती आधी वरच्या बाजूनं काढून घ्या, कडीमुळं ती खालून निघणार नाही. मग वरचं हेड आणि रिम (हेड धरणारी कडी) चढवूनच ठेवा, कड सुरक्षित राहते. खालचं हेड काढा, १० ची स्नेअर टॉवेलात गुंडाळून आत सरकवा आणि हेड परत हातानं आवळा. स्नेअर आत हलता कामा नये, उरलेल्या जागेत जुनी चादर कोंबा. पाय, आर्म, पेडल वेगळ्या खोक्यात. लोखंड शेलच्या आत घातलं तर घाटात पहिल्याच वळणाला आतून ठोकायला लागतं. टेन्शन रॉड (हेड आवळायचे लांब स्क्रू) सगळे लागलेत का मोजून बघा, एका बाजूला आठ लग (रॉड बसायच्या खोबणी) असतील तर दोन्ही बाजू मिळून सोळा. रॉड आवळायची चावी पिशवीत घालून खोक्यात टाका, नाहीतर तीच राहते. साध्या कागदावर वस्तूंची यादी, "जुनी, वापरलेली" असा उल्लेख, किंमत आणि दोघांची सही करून एक प्रत खोक्यात ठेवा.

पैशाचं म्हणाल तर किट न बघता लगेच "पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा" म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. खात्यात रक्कम जमा झालेली बँकेच्या ॲपमध्ये दिसली की मगच खोकं बसमध्ये चढवा, समोरच्यानं पाठवलेला स्क्रीनशॉट धरू नका.