येऊरची फेरी डॉक्टरांनी लिहून द्यावी का?

पारसिककर
रक्तदाबाच्या पेशंटला गोळीबरोबर येऊरची, म्हणजे ठाण्याला लागून असलेल्या डोंगरातल्या जंगलाची, फेरीही लिहून द्यावी, असं माझं ठाम मत आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ सालीच ‘शिनरिन-योकू’ (म्हणजे वनस्नान) नावाने लोकांना जंगलात बोलवायला सुरुवात केली. पुढे तिथल्या संशोधकांनी मोजमापं घेतली, तर शहरापेक्षा जंगलात फिरल्यावर नाडी, रक्तदाब आणि कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक कमी भरलं. दक्षिण कोरियात तर खास उपचारासाठी सरकारी जंगलं आहेत. आपल्या दारात राष्ट्रीय उद्यान असून आपण ट्रेडमिलचे पैसे भरतो.

वर्तकनगरी
जपानचे बरेच प्रयोग मोजक्या लोकांवरचे, त्यातही तरुण मुलांवरचे. इंग्लंडमध्ये २०१९ साली सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवा असं निघालं, पण मुळात धडधाकट माणूसच घराबाहेर पडतो, त्याचं काय? शिवाय शनिवार-रविवारी येऊरला गाड्यांची रांग आणि स्पीकर असतात. त्यात पेशंटांची भर कशाला?

पारसिककर
मग अमेरिकेतला १९८४ चा अभ्यास घ्या. रॉजर उलरिचने पित्ताशयाच्या ऑपरेशनचे पेशंट तपासले. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. हे सगळे खाटेवर पडून होते, धडधाकट नव्हते.

रानशेवळ
तुम्ही दोघं फक्त हवेचं बोलताय. आम्हा पाड्यावरच्यांचं रान ताटात असतं. पावसाच्या तोंडावर आई शेवळं, म्हणजे रानभाजीचे कोंब, आणते. आधी आतला पिवळा भाग काढून टाकायचा, मग काकडं ही आंबट रानफळं घालून शिजवायचं, नाहीतर घसा खाजतो. हीच शेवळं ठाण्याच्या बाजारात तुम्ही तिच्याकडून घेता आणि वर घासाघीस करता. फेऱ्या मारणाऱ्यांच्या पायाखाली हे कोंब तुडवले जातात. फिरा, पण पायवाट सोडू नका. आणि उद्या गर्दी वाढली म्हणून बंदी आली, तर ती आईवर येता कामा नये.

वर्तकनगरी
ताईंचं पटलं. आणि पारसिककर, उलरिचचे पेशंट डोंगर चढले नव्हते, झाडं त्यांच्या खिडकीशी होती. त्या अभ्यासातून येऊरची फेरी निघत नाही. हॉस्पिटलच्या आवारात पार्किंगसाठी झाडं तोडू नका, एवढं मात्र नक्की निघतं. त्यासाठी निवेदन देणार असाल तर सही करतो.