लहान कला महाविद्यालयात तीन वर्षे कशी जातात?

डिचोलीकर:
नमस्कार. मी यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले असून मला इतिहास हा मुख्य विषय घेऊन पदवी घ्यायची आहे. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसने पाऊण तासावर असलेल्या एका महाविद्यालयात मला प्रवेश मिळत आहे. मात्र तेथे इतिहासाच्या वर्गात गेल्या वर्षी अकराच विद्यार्थी होते, असे कळले. मामाचे म्हणणे आहे की, अकरा जणांत बसून जगाची काय ओळख होणार, त्यापेक्षा पुण्याला जावे. बाबा वसतिगृहाचा खर्च करतील, पण त्यात त्यांची ओढाताण होईल हे मला दिसते. अशा महाविद्यालयात प्रत्यक्ष दिवस कसे जातात, हे तेथे शिकलेल्यांनी कृपया सांगावे. माहितीपुस्तिका मी वाचली आहे. तिच्यातील सगळी मुले नुसती हसताना दिसतात.

माजी विद्यार्थिनी, फोंडा:
मी अशाच एका महाविद्यालयातून 2019 साली पदवी घेतली. आमच्या वर्गात नऊ जण होते आणि नऊ जणांत लपायला जागा नसते, हेच तेथील आयुष्याचे मर्म आहे. धडा न वाचता आलेल्या दिवशी मान कितीही खाली घातली तरी सरांची नजर फिरत फिरत आपल्यापर्यंत येतेच. पहिल्या सत्रात मी याचा इतका धसका घेतला होता की, बसमध्ये उभ्यानेच प्रकरण चाळत असे.

दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाविषयी आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून टिपण लिहायला सांगितले. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, असा तो प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि विरोधकांची दोन पाने. विलीनीकरणाचा पक्ष 34,021 मतांनी हरला, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. परंतु माझ्या आजीने फुलावर शिक्का मारला होता आणि निकालाच्या दिवशी आजोबा जेवले नव्हते, हे तोवर मला घरात कोणीही सांगितले नव्हते. सासष्टीहून येणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या घरी त्याच रात्री फटाके वाजले होते. आम्ही दोघींनी आपली टिपणे एकामागून एक वाचली, तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही आणि मग तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. माझे टिपण सरांनी तीन वेळा परत दिले. (तिसऱ्या वेळी मी रडले, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.) शंभर जणांच्या वर्गात एकाच विद्यार्थिनीचे लेखन तीनदा तपासायला कोणाला सवड असते?

उणिवाही आहेत. आमच्या ग्रंथालयात इतिहासाची दोनच कपाटे होती, त्यामुळे शनिवारी पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालय गाठावे लागे. 1832 पासूनची परंपरा असलेल्या त्या ग्रंथालयाची सवय मला लागली ती या अडचणीमुळेच. शिवाय आपण कँटीनमध्ये कोणासोबत चहा घेतला, हे आपण घरी पोहोचण्याआधी गावात पोहोचलेले असते.

निवृत्त प्राध्यापक, मडगाव:
वरील अनुभव खरा आहे, परंतु त्यांना चांगले सर लाभले, ही गोष्ट नजरेआड करू नये. लहान विभागात दोन-तीनच शिक्षक असतात. त्यांतील एक कंटाळवाणा निघाला तर तीन वर्षे त्याच्यापासून सुटका नसते, आणि लेक्चर बेसिसवरील, म्हणजे तासागणिक मानधनावरचा शिक्षक असेल तर तो पुढच्या वर्षी त्याच वर्गावर असेलच, असे सांगता येत नाही. दुसरे असे की, गोव्यात 2023-24 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम वगैरे बरेच पर्याय कागदावर आले. मात्र पुरेसे विद्यार्थी नसतील तर लहान महाविद्यालयाला त्यांतील थोडेच चालवता येतात. मामांची शंका मला अगदीच गैर वाटत नाही, फक्त तिचे उत्तर पुणेच असले पाहिजे, असे नाही. पदवीनंतर ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात एम.ए.ला गेलात तर गोवाभरातील मुलांची गाठ तेथे पडतेच.

डिचोलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी मी नेमकी कोणती चौकशी करावी?

माजी विद्यार्थिनी, फोंडा:
कार्यालयात गौण विषयांची यादी मागू नका, ती लांबलचकच मिळेल. गेल्या वर्षी त्यांतील कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले गेले, तेवढेच विचारा. वर प्राध्यापकांनी म्हटल्याप्रमाणे इतिहास विभागात कायम शिक्षक किती आहेत, हेही विचारून घ्या. नंतर बसथांब्यावर तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठा आणि तिचे लेखन तपासून परत मिळते का, की नुसते गुण कळतात, एवढे तिला विचारा.