'लव्ह स्टोरी २०५०' म्हणे काळाच्या पुढे होता!

तिसरी घंटा
परवा एका महाभागाने लिहिलं, की २००८चा 'लव्ह स्टोरी २०५०' काळाच्या पुढे होता, आपल्या प्रेक्षकांची तेवढी पोच नव्हती. खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा धागा.

पोच काढताय? मी तो थेटरात पाहिलाय, पदरचे पैसे घालून. ४ जुलै २००८. त्याच दिवशी 'जाने तू या जाने ना' लागला होता. आम्ही पाच जण. चौघांना तो बघायचा होता आणि मी हट्टाला पेटलो, की कॉलेजातली लफडी रोजच बघतो, आज काळयंत्र बघू. ते चौघं अजून बिल माझ्याकडे सरकवतात.

आता मुद्दा. पहिल्या अर्ध्या भागात विज्ञान तोंडी लावण्यापुरतं. ॲडलेडचे रस्ते, गाणी, हरमन बावेजाचा नाच. मग प्रियांका अपघातात जाते. बोमन इराणीने काळयंत्र बनवलेलं आहे. तुम्ही काय कराल? आदल्या दिवशी जाल आणि तिला हाताला धरून घरात बसवाल. हा चित्रपट मात्र निघतो २०५०च्या मुंबईत! का, तर तिथे तिचा पुनर्जन्म झालाय आणि ती लाल केसांची गायिका झालीय. मग काळयंत्र हवंच कशाला? पुनर्जन्माच्याच 'मधुमती'ला १९५८ साली लागलं नव्हतं.

उडत्या गाड्यांमुळे नाही पडला तो. स्वतःच उभा केलेला प्रश्न टाळला, म्हणून पडला.

पडद्यामागचा
गाड्यांना सोडलंत, आभारी आहे. एरवी लोक सुरुवात तिथूनच करतात.

मी त्या चित्रपटावर नव्हतो, पण त्या काळात रोटो करायचो. म्हणजे काय, तर नायिकेचे वाऱ्यावर उडणारे केस एकेका फ्रेममध्ये कापून मागच्या पडद्यापासून वेगळे करायचे. सेकंदाला २४ फ्रेम. एका चित्रपटात तीन आठवडे केस कापले आणि शेवटी दिग्दर्शक म्हणाला, 'तिला स्कार्फ बांधून परत शूट करू.' पैसे आठ महिन्यांनी, तेही अर्धे. त्यामुळे ते लाल केस पडद्यावर आले की मला नायिका दिसत नाही, तो कापणारा पोरगा दिसतो.

मधली सुट्टी
@पडद्यामागचा, कष्ट मान्य. पण बजेटचं आणि तंत्राचं रडगाणं नको. १९९१ साली तेलुगूत 'आदित्य ३६९' आला होता. तेच काळयंत्र. आधी कृष्णदेवरायाच्या दरबारात, मग थेट २५०४ सालात. कॉम्प्युटरचे लाड तेव्हा कुठे होते? पण गोष्ट होती.

पडद्यामागचा
रडगाणं? तीन आठवडे केस कापून बघा, मग बोलू.

शंकेखोर
धागाकर्त्याशी असहमत. चित्रपट टुकार आहे, पण नेमकं तुम्ही ज्याला हसताय तेच त्यातल्या त्यात बरोबर आहे. पुढे जायला सापेक्षतावाद आडवा येत नाही, कारण काळ सगळीकडे एकाच वेगाने जात नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, ती जुळवून घ्यावीच लागतात. आदल्या दिवशी गेलात तर मात्र फसलात. ती वाचली, तर यंत्रात बसायचं कारणच संपलं. मग बसलं कोण?

गोदाकाठ
मायक्रोसेकंद कसले मोजताय! भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजा मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मलोकी जातो, वर कोण बघावा म्हणून विचारायला. तिथे गाणं चाललेलं असतं, म्हणून क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटलेली! मनात धरलेली सगळी स्थळं कधीच गेलेली. मग परत येऊन बलरामाशी लग्न. घ्या तुमची विज्ञान-प्रेमकथा. आपल्याकडे सगळं होतं.

काजळी
आलं! 'आपल्याकडे सगळं होतं.' मी वाटच बघत होते.

ककुद्मीची गोष्ट सुंदर आहे, पण ती विज्ञानकथा नाही. विष्णुपुराणात रेवती फार उंच म्हणून बलराम तिला नांगराच्या टोकाने ठेंगणी करतो, त्याचं समीकरण आहे का तुमच्याकडे? ही भेसळ चालते म्हणूनच असले चित्रपट निघतात. यंत्र बोमन इराणीचं, तर्क पुनर्जन्माचा. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली, ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने. का, तर गोष्ट नावावर नाही, गुणावर तोलली जावी. इथे मुलाला, हरमनला, चमकवायला बाप हॅरी बावेजा तीन तासांचा चित्रपट काढतो!

गोदाकाठ
नांगर तेवढा बरा लक्षात राहिला. ही गोष्ट मला आजीने सांगितली होती, वीज गेलेली असताना. ती शाळेत गेली नव्हती. 'तिकडे घटकाभर आणि इकडे युगं' हे तिच्या तोंडून सातव्या वर्षी ऐकलं, म्हणून पुढे फिजिक्सच्या तासाला झोपलो नाही. तुमच्या समीकरणाने हे केलं असतं का?

काजळी
आजीला नमस्कार. नातवाला नाही.

मधली सुट्टी
धागा बावेजांचा होता ना? की आपणही २७ चतुर्युगं पुढे आलो?

वाळूघड्याळ
एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

२००८च्या मार्चमध्ये माझी धाकटी बहीण गेली. अपघातच. आदल्या रात्री स्कूटीच्या किल्लीवरून आमचं भांडण झालं होतं आणि किल्ली मीच दिली होती. तो चित्रपट मैत्रिणींनी ओढून नेलं म्हणून बघितला. अपघात झाला तेव्हा पोटात गोळा आला, की आता हे आदल्या दिवशी नेणार. नेलं नाही. इतकं हायसं वाटलं! पुढचं सगळं भंपक होतं, कळत होतं. पण लाल केसांची का होईना, कुठेतरी हिंडते आहे, गाते आहे, हे बघत बसले. आदला दिवस मी रोज बघतच होते, त्याला तिकीट कशाला काढायचं?

तिसरी घंटा
@वाळूघड्याळ, आता काय बोलू. दिग्दर्शकाने हा विचार केला असेल असं मला मेलो तरी वाटत नाही. पण तुम्ही केलात. आदल्या दिवसाचा मुद्दा मागे घेतो. तुमच्यापुरता.

चित्रपटातलं ते टेडी-अस्वल मात्र मी माफ करणार नाही.

वाळूघड्याळ
टेडी मलाही नाही आवडलं.

शंकेखोर
म्हणजे निष्कर्ष मीच आधी सांगितला होता तो.

काजळी
तुम्ही मायक्रोसेकंद सांगितले होते.

गोदाकाठ
३८. आणि मी २७ चतुर्युगं. कोणाचा आकडा मोठा?