हातांच्या खुणा शिकवल्या की मूल बोलत नाही, हे कोणी ठरवलं?

ठाणेकरीण: कालच्या धाग्यावर कृष्णाकाठ यांनी लिहिलं, "खुणांची सवय लागली की मूल बोलायचे कष्ट घेणारच नाही." वाचून राहवलं नाही. माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. या मुलांना समजतं पुष्कळ, पण तोंडाचे स्नायू सैल, जीभ लवकर वळत नाही. हात आधी साथ देतात. तो रात्र रात्र रडायचा, आम्ही पोटाला हिंग लावत बसायचो. 'दुखतंय'ची खूण शिकला आणि एका रात्री त्यानं दोन्ही बोटं कानाशी नेली. तपासलं तर पडद्यामागे पाणी साठलेलं. आता 'आजी', 'पाणी', 'अजून' तोंडानं म्हणतो आणि त्या शब्दांच्या खुणा त्यानं आपणहून सोडल्यात. यात आळस कुठे दिसतो?

कृष्णाकाठ: ताई, तुमच्या मुलाला ऐकू येतं. माझी मुलगी जन्मतः कर्णबधिर. कॉक्लियर इम्प्लांट केलं, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं कानात बसवतात ते यंत्र. मग एव्हीटी, म्हणजे कानानं ऐकून बोलायला शिकवणारी थेरपी. तिथे आमचे थेरपिस्ट ओठसुद्धा झाकून बोलायचे, कारण मुलानं कानावर विसंबायला शिकावं. मेंदूला ऐकण्याची सवय लागायची ती पहिल्या काही वर्षांतच. त्या काळात ती हातांकडे बघत राहिली असती तर ते यंत्र नुसतं लटकत राहिलं असतं. आज ती आत्याशी फोनवर बोलते. हे तुमच्या खुणांनी झालं असतं का?

पारंबी: माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर. 1880 साली इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणावर परिषद झाली, तिथे ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी ठराव केला की बोलण्यातूनच शिकवायचं. 2010 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला त्याच विषयावर झालेल्या परिषदेनं तो ठराव फेटाळला. मधली 130 वर्षं कोणी भोगली? बाबा शाळेत हात हलवले म्हणून छडी खायचे. दिवसभर ओठ वाचायचे. पाल, बाल, माल ओठांवर एकसारखेच दिसतात. गणित, इतिहास राहूनच गेलं. इम्प्लांट सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. ज्याला नाही लागू पडलं त्यानं पहिली पाच वर्षं भाषेवाचून काढायची?

विदर्भी: खुणांवर एवढं भांडताय, आम्हाला तर थेरपी सेंटरवर सांगितलं की घरात मराठीच बंद करा. "शाळा इंग्रजी आहे, एकच भाषा ठेवा." माझ्या आईला इंग्रजी येत नाही. ती नातवाला भरवताना गप्प बसायची. 'चिऊचा घास' म्हणायलाही भ्यायची.

जास्वंद: सेंटरचं चुकलं कुठे? धड एक भाषा येत नाही त्या मुलावर दुसरी कशाला लादायची? उद्या वर्गात बाई इंग्रजीच बोलणार. आजीच्या भावना नंतर बघू.

विदर्भी: नंतर म्हणजे कधी? कॅनडात इंग्रजी-फ्रेंच घरांतल्या डाऊनच्या मुलांवर अभ्यास झालेत. दोन भाषांमुळे ती मागे पडली नाहीत. आणि आईबाप मोडक्या इंग्रजीत बोलणार, ते ऐकून मूल कोणती भाषा शिकणार? आमचं मूल दिवसातून अर्धा तास सेंटरवर असतं, बाकी वेळ आजीजवळ.

जास्वंद: शाळेनं प्रवेश नाकारला की अभ्यास दाखवा मग. आम्ही ते सोसलंय.

विदर्भी: सोसलं असेल, पण त्याचा राग माझ्या आईवर काढू नका.

ठाणेकरीण: दोघंही थांबा जरा. आजीनं मराठीत बोलत खूण केली तर नातू दोन्ही शिकतो, आमच्याकडे तसंच झालं. खूण करायची म्हणजे तोंड बंद ठेवायचं, असं कोणीच सांगत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात 10,000 शब्दांचे व्हिडिओ आहेत, फुकट. माझ्या सासूबाई त्यावरूनच शिकल्या.

पारंबी: कृष्णाकाठ, एक विचारते. रात्री प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा कानावर लावायचा बाहेरचा भाग, काढून ठेवता ना? तेव्हा ताप आला, पोट दुखलं, तर ती कशी सांगते?

कृष्णाकाठ: सांगते ती तोंडानं. आम्ही काय म्हणतो ते तिला कळत नाही. दिवा लावून ओठ दाखवावे लागतात, घाबरलेली असली की तिकडेही बघत नाही. ठीक आहे. डाऊनच्या मुलांपुरतं ठाणेकरीण यांचं मान्य. आणि रात्रीपुरत्या 'कुठे दुखतंय', 'औषध', 'मी इथेच आहे' एवढ्या खुणा आम्हीही शिकू. थेरपिस्टना विचारून. दिवसा प्रोसेसर कानावर असताना मात्र खुणा नाहीत, त्यावर मी हटणार नाही.